डाव्या हातावरचं नाव

हेमलता बिवलकरला तिच्या कातडीने जितकं छळलं तितकं कुठल्याही साहेबाने छळलं नाही, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत तिने साहेब अकरा पाहिले. डास चावला की त्याचं गळू व्हायचं. बांगडी फुटून ओरखडा उठला की तिसऱ्या दिवशी तो पिकलेला असायचा. लहानपणी साताऱ्याला कान टोचले ते दोनदा चिघळले आणि दोन्हीदा बुजले. शेवटी आईने हात टेकले आणि हेमलता जन्मभर दाबाची कर्णफुलं घालत राहिली. दिल्लीला नोकरी लागली तेव्हा त्यात इथल्या उन्हाळ्याची भर पडली. मे उजाडला की काखेत, मांडीवर, नाहीतर पाठीवर गळवं, आणि ऑफिसच्या खुर्चीवर ही बाई एका अंगावर कलंडून बसलेली. कुणी त्यावरून चेष्टा केली तर आधी तीच हसायची.

स्वभाव मात्र कातडीच्या अगदी उलट. कुणी कितीही लागट बोललं तरी तिच्या मनात काही चिघळत नसे. हे काही फार कौतुकाने सांगण्यासारखं नाही. थोडं चिघळलं असतं तर बरं झालं असतं, निदान वेळेवर दुखलं तरी असतं.

ती एका केंद्रीय मंत्रालयाच्या आस्थापना शाखेत होती. निवृत्त होणाऱ्या माणसांचे पेन्शनचे कागद तयार करणं हे तिचं काम. सगळं आता कॉम्प्युटरवर भरायचं असलं तरी छापील प्रत काढायची, सही घ्यायची आणि फाईलला लावायची ही रीत शाखेने सोडली नव्हती. त्या फॉर्मात दोन रकाने असे होते की भले भले अधिकारी तिथे अडायचे. एक, निवृत्तीनंतरचा पत्ता. दुसरा, शरीरावरच्या ओळखीच्या दोन खुणा. साठ वर्षं तेच शरीर वापरूनही माणसांना आपल्या खुणा ठाऊक नसतात. मग हेमलता चष्मा सरळ करून समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायची आणि सांगायची, "गुप्ता जी, बाईं भौंह के ऊपर कट का निशान है. लिखिए." गुप्ताजी कपाळ चाचपत म्हणायचे, "अरे हाँ मैडम, ये तो बचपन का है." तिने भरलेल्या कागदात चूक निघाली, फाईल आक्षेप लागून परत आली, असं एकदाही झालं नव्हतं. तिला दुसरा कसला अभिमान नव्हता, पण हा होता.

प्रभा खांबेटे त्याच मंत्रालयात भाषांतर शाखेत. दोघी सरोजिनी नगरच्या एकाच ब्लॉकमध्ये, वरखाली राहायच्या. आजूबाजूचे क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती उठत होत्या, यांच्या रांगेपर्यंत बुलडोझर अजून पोचला नव्हता. सत्तावीस वर्षांचा शेजार. प्रभाचा मुलगा प्रसन्न लहान असताना तिला ऑफिसात उशीर झाला की हेमलताच्याच घरी जेवायचा, तिथेच झोपायचा. प्रभाचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस हेमलताने स्वतःच्या घराचं कुलूप फक्त अंघोळीपुरतं उघडलं. आता प्रसन्न पुण्याला आयटीत होता, बायको स्वरूपाबरोबर. हेमलताने लग्न केलं नव्हतं. साताऱ्याला भाऊ होता, तो वाढदिवसाला मोबाईलवर फुलांचं चित्र पाठवायचा.

तेव्हा हेमलताला एकच भीती होती आणि ती अगदी साधी होती. पाठीवर गळू आलं की तिथे स्वतःचा हात पोचत नाही. आजवर तिथे मलम प्रभाने लावलं होतं. पुढे कोण लावणार?

त्याचं उत्तर दोघींनी मिळून काढलं होतं. हेमलताचा गाझियाबादला दोन खोल्यांचा फ्लॅट होता. प्रभा मार्चअखेर निवृत्त झाली की तिने आधी जाऊन घर लावायचं, दीड वर्षाने हेमलताने तिथे पोचायचं. प्रभाच्या खोलीच्या भिंतींना पिस्त्याच्या रंगाचा हात देऊनही झाला होता. रंग प्रभानेच पसंत केला होता. बाल्कनीत कढीपत्ता लावायचा की नुसती तुळस, यावर तर दोघींचं एकदा कडाक्याचं भांडणसुद्धा झालं होतं.

गोंदणाची कल्पनाही प्रभाचीच. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात दोघी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या.

"माझ्या मामीच्या हातावर मामांचं नाव गोंदलेलं होतं," प्रभा म्हणाली. "मामांनी तिला आयुष्यभर काय दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जे खरंच निभावतात त्यांची नावं कुणी गोंदवत नाही, हेमा. आपण गोंदवू या. माझ्या हातावर हेमलता, तुझ्या हातावर प्रभा."

"अगं, मला डास सोसत नाही आणि तू सुई म्हणतेस!"

दोघी हसल्या. विषय तिथेच संपला असता. पण हेमलताच्या मनातून तो जाईना. तिचं नाव कुणी कशावरच लिहिलं नव्हतं. लग्नपत्रिकेवर नाही, भांड्यावर नाही, दुसऱ्या कुणाच्या दारावरच्या पाटीवर नाही. ते कुणाच्या हातावर असणार, आणि ती व्यक्ती जिवंत असेतो असणार, या विचाराने तिला दोन दिवस धड जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई तिला वीस वर्षं ओळखत होत्या. त्यांनी डोक्याला हात लावला. "हेमलता जी, आपकी स्किन और टैटू? मैं तो मना ही करूँगी." पण ही हटत नाही म्हटल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. सलग सहा महिने अंगावर एकही गळू नको. एक जरी आलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रोज औषधी साबणाने अंघोळ, सांगितलेल्या दिवशी नाकात मलम, टॉवेल वेगळा आणि उकळलेला. उन्हाळ्यात, घामाच्या दिवसांत नाही. सुई नवी, शाई बंद बाटलीतली. आणि ज्या दिवशी सुई लागेल त्या दिवशी अंगावर कुठेही, अगदी कुठेही फोड असेल तर घरी परत यायचं. कारण एकीकडचा जंतू दुसरीकडच्या उघड्या जखमेत शिरायला त्याला वेळ लागत नाही.

हेमलताने हा कागद सरकारी परिपत्रकासारखा पाळला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री जेवण झालं की ती एक फुली मारायची. एप्रिलमध्ये मांडीवर एक गळू आलं आणि मोजणी परत सुरू झाली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रभा म्हणाली, "जाऊ दे ना यार, कशाला जिवाचा इतका आटापिटा करतेस!" हेमलताला वाटलं, माया आहे म्हणून बोलते आहे. मे गेला, जून गेला, जुलैचा चिकट घाम गेला, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा अख्खा उन्हाळा कोरा गेला. प्रभा रोज चहाला यायची, गॅसवर उकळणारा टॉवेल पाहायची, फुल्यांची लांबत चाललेली रांग पाहायची. काही बोलायची नाही.

दिवाळीत प्रभा पंधरा दिवस पुण्याला जाऊन आली. परत आल्यावर नोव्हेंबरातला शनिवार ठरला.

शुक्रवारी संध्याकाळी हेमलताला पाठीत, उजव्या खांद्याच्या खाली, काहीतरी टोचल्यासारखं झालं. ती धावत वर गेली. "बघ गं, बघ. काही आलंय का? आलं असेल तर उद्याचं रद्द करू."

प्रभाने ब्लाऊज बाजूला करून पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काही नाही. साधी पुटकुळी आहे, ब्लाऊजची शिवण घासलीय."

"नक्की? पू नाही ना?"

"बिल्कुल नाही. उगीच काहीतरी मनात आणू नकोस."

हेमलता निश्चिंत झोपली.

दुसऱ्या दिवशी दोघी मेट्रोने नोएडाला गेल्या. मार्केटच्या मागच्या गल्लीत सुरुची नावाच्या तिशीतल्या मुलीचा स्टुडिओ होता. मोठा स्वच्छ, दवाखान्यासारखा. सुरुचीने एक फॉर्म दिला. फॉर्म म्हटलं की हेमलता खुलायची. मधुमेह, नाही. रक्त पातळ होण्याची गोळी, नाही. त्वचेचे पूर्वीचे आजार, या पुढे तिने सगळा इतिहास बारीक अक्षरांत लिहिला, डॉक्टरांचा कागदही जोडला. शेवटचा प्रश्न होता, आज शरीरावर कुठे फोड, गळू किंवा पू आहे का. तिचं पेन थांबलं. तिने प्रभाकडे पाहिलं. प्रभाने मान हलवली. हेमलताने "नाही" लिहिलं आणि खाली सही केली.

स्टुडिओत दोन खोल्या होत्या, मध्ये पडदा. एकीकडे हेमलता आणि सुरुची, दुसरीकडे प्रभा आणि दुसरी एक मुलगी. सुई लागली तशी हेमलताने ओठ घट्ट मिटले. दुखलं, पण तिने आयुष्यात जी दुखणी काढली होती त्यांच्यापुढे हे काहीच नव्हतं, आणि हे तर तिने मागून घेतलेलं. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, प्रभा. अक्षर सुरेख उतरलं. पडद्यापलीकडून प्रभाही आली, हाताला तशीच पारदर्शक पट्टी गुंडाळलेली, आत "हेमलता". दोघींनी हात शेजारी धरून फोटो काढला. सुरुची म्हणाली, "आंटी, आप दोनों बहुत क्यूट हो," पण हेमलताच्या डोळ्याला डोळा भिडवणं मात्र तिने टाळलं. त्या वेळी ते हेमलताच्या लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी हेमलताला हुडहुडी भरून ताप आला. हात कोपरापर्यंत लाल, कढत, दुधी भोपळ्यासारखा सुजलेला. अक्षरांच्या भोवती पू. डॉक्टरीणबाईंनी नुसता हात पाहिला आणि सरळ हॉस्पिटलात पाठवलं. हाताला चीर देऊन पू काढावा लागला, शिरेतून औषध सुरू झालं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने तिला तपासताना पाठ पाहिली आणि विचारलं, "ये फोड़ा कब से है? ये तो हफ़्ते भर पुराना है."

"फोड़ा नहीं है जी, फुंसी है," हेमलता तापातच म्हणाली. "मैंने दिखाया था."

"किस डॉक्टर को?"

प्रभाचं नाव त्याला सांगून काय उपयोग? नजरचूक झाली असेल बिचारीची. चष्म्याचा नंबर बदललाय तिचा, किती दिवस सांगतेय की तपासून घे.

नऊ दिवस ती तिथे होती. प्रभा रोज येत होती, डब्यात मऊ भात आणि लिंबाचं लोणचं घेऊन. थंडी पडली होती. प्रभा स्वेटर घालून यायची, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. हेमलता विचारायची, "तुझा हात कसा आहे?" प्रभा म्हणायची, "माझं काय, म्हशीची कातडी आहे माझी." त्यावर हेमलताला खरोखर बरं वाटायचं. दोघींपैकी एकीचं तरी नीट उतरलं. तिच्या स्वतःच्या हातावरचं नाव चिरेमुळे मधोमध आक्रसलं होतं, पण वाचता येत होतं. तेवढं तिला पुरे होतं.

डिसेंबरात ती कामावर हजर झाली ती डाव्या हाताला पट्टी बांधूनच. पहिलं काम तिने प्रभाचं काढलं. पेन्शनचे कागद सहा महिने आधी द्यायचे असतात, आणि ही बाई सप्टेंबरपासून आज देते उद्या देते करत होती. हेमलताने कपाळाला हात लावून घेतला आणि फॉर्म स्वतःच भरला. निवृत्तीनंतरचा पत्ता, गाझियाबादचा. ओळखीची पहिली खूण, हनुवटीवर तीळ. दुसरी खूण लिहिताना तिने अक्षर जरा जास्तच वळणदार काढलं: डाव्या हाताच्या आतील बाजूस "हेमलता" असे गोंदलेले.

चौतीस वर्षांत किती लोकांच्या खुणा तिने लिहिल्या असतील! तीळ, व्रण, देवीचे डाग. आपलंच नाव खूण म्हणून लिहायची वेळ पहिल्यांदाच आली होती. प्रभाने फॉर्म वाचला. सही करताना जरा थांबली, मग केली.

जानेवारीत लेखा शाखेने प्रभाला पडताळणीसाठी तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. आणि त्यानंतर पाचव्या दिवशी फाईल हेमलताच्या टेबलावर परत आली. वर लाल शाईत शेरा: पहचान चिह्न क्रमांक दो सत्यापन के समय नहीं पाया गया. संबंधित कर्मचारी त्रुटि स्पष्ट करें.

तिने शेरा दोनदा वाचला आणि संतापली. प्रभावर नव्हे, लेखा शाखेवर. थंडीत स्वेटर वर न करता नुसतं उभ्या उभ्या पाहिलं असणार, नाहीतर उजवा हात पाहिला असणार. कामचुकार मेले! फाईल काखेत मारून ती तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथले चौहान सज्जन गृहस्थ होते.

"बायाँ हाथ देखा था आपने?" तिने दारातूनच विचारलं. "स्वेटर ऊपर करवाया था?"

"मैडम, उन्होंने ख़ुद बाँह चढ़ाकर दिखाया," चौहान म्हणाले. "कुछ नहीं था जी. बोलीं, ग़लती से लिख गया है. और पता भी उन्होंने बदलवाया है, पीछे चिट्ठी लगी है."

हेमलताने पान उलटलं. प्रभाचं सुबक, भाषांतर शाखेचं अक्षर. निवृत्तीनंतरचा पत्ता बदलून घ्यावा ही विनंती. बाणेर, पुणे. तारीख त्याच दिवशीची.

चौहानांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. ती बसली नाही. "ठीक है जी," म्हणाली आणि जिना उतरून खाली आली. लिफ्ट समोर उभी होती, तिला दिसली नाही.

घरी आल्यावर ती आपल्या दारात थांबलीच नाही, सरळ वर गेली. प्रभाच्या घरात पुठ्ठ्याची खोकी पडलेली होती. ती कणीक मळत होती, आणि मळताना बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. दार उघडायला तशीच आली. हेमलताने हाताकडे पाहिलं. गोरापान, कोरा हात. डागसुद्धा नाही.

"फिकं झालं गं ते," प्रभा घाईने म्हणाली.

"फिकं होत नाही ते, प्रभा. माझं चीर देऊनसुद्धा गेलं नाही."

प्रभा कणकेच्या हातांनीच खाली बसली. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. ती पंधरा दिवसांत जाणारी शाई होती. आदल्या दिवशी तिने सुरुचीला फोन करून सांगून ठेवलं होतं, आणि हेमलताला कळू द्यायचं नाही असंही बजावलं होतं. पुण्याला जायचं दिवाळीतच ठरलं होतं. स्वरूपाला दिवस गेले होते, प्रसन्न म्हणाला होता, आई, आता तिथे एकटी राहून काय करणार तू?

"एकटी?" हेमलता म्हणाली.

"तो तसं म्हणाला."

"आणि तू काय म्हणालीस?"

प्रभाने खोक्यांकडे पाहिलं.

"नातवंडासाठी जातेस तर जा की! मी अडवलं असतं का? तोंडाने सांगितलं असतंस तर मी तुझी खोकी भरायला आले असते. मला सुरुचीच्या त्या खुर्चीत का बसवलंस?"

"तू वर्षभर टॉवेल उकळत होतीस, हेमा. त्या फुल्या. रोज बघायचे मी. मला तोंड उघडायचा धीरच झाला नाही. वाटलं, तुझं होऊन जाऊ दे. तेवढा तुला आनंद."

"आणि फाईल? तुला माहीत होतं ना ती कुणाच्या टेबलावर परत येते?"

प्रभाने मान खाली घातली. म्हणजे माहीत होतं. सत्तावीस वर्षांच्या मैत्रिणीला जे सांगता आलं नाही ते तिने लाल शाईकडून सांगवलं होतं.

हेमलता उठली. दारापर्यंत गेली. मग तिला हॉस्पिटलातला तो पोरगेलासा डॉक्टर आठवला. ती मागे वळली.

"प्रभा, त्या शुक्रवारी माझ्या पाठीवर काय होतं?"

प्रभा बोटांची कणीक काढत राहिली.

"गळू होतं?"

"छोटंच होतं," प्रभा म्हणाली.

"पू होता?"

"हेमा, तू रद्द केलं असतंस. मग पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. परत तेच साबण, तेच टॉवेल, आणि मला रोज तुझ्यासमोर बसून खोटं बोलायचं. मला ते संपवायचं होतं गं. मला काय ठाऊक इतकं होईल!"

ठाऊक नव्हतं? डॉक्टरीणबाईंचा कागद प्रभाच्या फ्रिजवरही चिकटवलेला होता, हेमलताने स्वतः चिकटवला होता. एक शब्द, "गळू आहे" एवढाच शब्द तिने खरा उच्चारला असता तरी सगळं आपोआप टळलं असतं. नवऱ्याचा नाही, भावाचा नाही, या एका बाईचा हात हेमलताने पाठीवर फिरू दिला होता, आणि त्याच हाताने केसाने गळा कापला होता. कातडीने दगा देणं हेमलताला सवयीचं होतं. तिच्यावर ती कधी विसंबून राहिलीच नव्हती.

ती रडली नाही. "तुझी कणीक सुकतेय," म्हणाली आणि खाली आली. घरात येऊन मात्र तिने दार लावलं, कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि फाडता फाडता हमसून हमसून रडली. रडण्यात राग जास्त होता. सर्वांत जास्त राग स्वतःचा, की आपण त्या सुरुचीच्या फॉर्मावर चौतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि खाली सहीही केली.

पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. हे नाव काढून टाका म्हणाली. त्यांनी हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि सोडून दिला. "लेज़र भी ज़ख़्म ही करता है, हेमलता जी. फिर वही सब होगा. इस स्किन पर मैं हाथ नहीं लगाऊँगी, और किसी और को लगाने भी नहीं दूँगी."

"मतलब ये रहेगा?"

"रहेगा."

फाईलवर स्पष्टीकरण द्यायचं होतं. हेमलताने प्रभाचा कागद अडवून ठेवला असता तर मार्चनंतर कितीतरी महिने पेन्शन लटकली असती, आणि शाखेत कुणी तिला बोललंही नसतं. तिच्या मनात ते आलं नाही असं नाही. एक अख्खी दुपार ती फाईल समोर ठेवून बसली होती. मग तिने पेन उचललं. गाझियाबादचा पत्ता एका रेघेने खोडला, वर पुण्याचा लिहिला. दुसऱ्या खुणेची ओळ खोडली. खाली लिहिलं, अर्जदाराच्या शरीरावर अशी कोणतीही खूण नाही, नोंद माझ्या समजुतीच्या चुकीने झाली. दोन्ही खोडलेल्या जागी छोटी सही केली आणि फाईल त्याच संध्याकाळी वर पाठवली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रभा जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलापाशी आली. दोन महिन्यांत दोघी जिन्यात भेटल्या तरी बोलल्या नव्हत्या. थंडी सरली होती. प्रभाने बिनबाह्यांचा ब्लाऊज घातला होता, आणि तिचे डोळे सुजलेले दिसत होते. आजूबाजूच्या टेबलांवर डबे उघडले होते.

"हेमा, मी सुरुचीला फोन केला," ती हळू आवाजात म्हणाली. "आज चारची वेळ दिलीय तिने. खरी शाई. तू ये बरोबर. तुझ्यासमोर करून घेते, पडदाबिडदा काही नको. पुण्याला गेले तरी तुझं नाव हातावर घेऊन जाईन. प्रसन्न काय म्हणायचं ते म्हणू दे."

ती खरंच बोलत होती. हेमलताला तिचं खरं बोलणं ओळखू येत होतं. खोटं तेवढं कधी ओळखता आलं नव्हतं. मटार सोलतानाच्या त्या दुपारपासून याच एका गोष्टीसाठी तिने वर्षभर जीव आटवला होता, आणि आता ती समोर उभी होती, हात पुढे करून.

हेमलताने डब्यावर झाकण लावलं.

"नको," ती म्हणाली. "तुझे कागद मंजूर होऊन गेलेत. त्यात मी लिहून दिलंय की अशी खूण नाही."

"अगं पण..."

"आता तू खूण करून घेतलीस तर माझी नोंद पुन्हा खोटी ठरेल, प्रभा. आणि मी आणखी एकदा चुकीचं लिहिणार नाही."

प्रभाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी "खांबेटे मैडम, पार्टी कब है?" असं विचारलं, आणि ती तिकडे वळली.

हेमलताने पुढची फाईल ओढली. एप्रिलमध्ये निवृत्त होणारे कुणी रावत समोर येऊन बसले होते, दुसरी खूण सुचत नाही म्हणून. तिने चष्मा सरळ केला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला लागली. रावतांची नजर मात्र टेबलावरच्या तिच्या डाव्या हाताकडे गेली. त्यांनी ते आक्रसलेलं नाव लावून लावून वाचलं आणि आदबीने विचारलं, "मैडम, ये प्रभा कौन? बेटी है आपकी?"

"नहीं," हेमलता म्हणाली. "मेरी पहचान का निशान है. आप अपना बताइए."